गाभोळी नुसती मोजू नका, वाचायला शिका

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका.

ऑगस्टमध्ये पैठणच्या नाथसागरावरून देशी मांगूरची मादी आणली. अंडाशयाचं वजन केलं, जीएसआय आला १.५. वहीत लिहून टाकलं, ‘अपरिपक्व’. मासे देणारे मामा हसले, “पोरा, ही रिकामी झालीय. बीज सोडून आलीय.” नंतर स्लाइड केली तर रिकाम्या पुटिका आणि मागे राहिलेली मोजकी मोठी अंडी दिसली. मामाच बरोबर!

जीएसआय म्हणजे जननग्रंथीचं वजन भागिले माशाचं वजन, गुणिले १००. २०० ग्रॅमच्या मादीत १६ ग्रॅम गाभोळी असेल तर जीएसआय ८. पावसाळ्याच्या तोंडावर हा आकडा चढतो, बीज सोडलं की कोसळतो. म्हणजे कमी आकड्याचे अर्थ दोन: गाभोळी भरायची आहे किंवा रिकामी झाली आहे. कुठला खरा, ते ऊतीची स्लाइडच सांगते.

अंडी मोजायची रीत सोपी आहे. गाभोळीच्या अर्ध्या ग्रॅममध्ये ३०० अंडी निघाली तर १६ ग्रॅममध्ये ९,६००. फक्त नमुना पुढच्या, मधल्या आणि मागच्या अशा तिन्ही भागांतून घ्या.

आता हे सगळं कशासाठी? पाळलेल्या मादीत अंडी भरतात, पण शेवटची पायरी अडते. मेंदूतलं डोपामाइन पिट्युटरीला पुरेसं एलएच सोडू देत नाही. म्हणून इंजेक्शनमध्ये जीएनआरएचसोबत डोमपेरिडोन असतं, ते हा ब्रेक काढतं. पण अंडीच पिकलेली नसतील तर इंजेक्शन वाया जातं. भारतात हिरालाल चौधरींनी १० जुलै १९५७ रोजी पिट्युटरीच्या अर्काने कार्प माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून योग्य जनक मासा निवडणं हाच या कामाचा पाया आहे.

मांगूरमध्ये आणखी एक अडचण. नराचं शुक्रद्रव पोट दाबून सहसा निघत नाही, त्यामुळे वृषण काढण्यासाठी नर मारावा लागतो. आणि हा मासा आययूसीएनच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे! त्यात हॅचरीत त्याचा आफ्रिकन मांगूरशी संकर झाला तर शुद्ध वाण हातचं जातं. म्हणूनच जंगली जनक माशांना एवढी किंमत.

तेव्हा नमुने घेण्याआधी तीन गोष्टी ठरवा:

१. बारा महिन्यांचं वेळापत्रक आणि प्रत्येक महिन्याला लागणारे कमीत कमी मासे.

२. मादी न मारता बारीक नळीने थोडी अंडी काढून केंद्रक कडेला सरकलंय का, ते पाहता येईल का?

३. जुने पेपर शोधताना ‘क्लॅरियस बॅट्राकस’ आणि ‘क्लॅरियस मागूर’ ही दोन्ही नावं टाका. भारतातल्या याच माशाला आधी पहिलं नाव होतं.

आणि हो, मामांशी बोला. आकडा तुमच्या वहीत असतो, पण मासा कुठून आणि कधी आला, हे त्यांना माहीत असतं.