सदुसष्ट हर्ट्झची टकटक

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून आपल्या माथ्यावरून जातं, तेव्हा त्यातला हौशी रेडिओचा रिपीटर चालू असेल तर कुणीही परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, त्यावरून बोलू शकतो. सप्टेंबर २०२० पासून ही सोय आहे. १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं. पाच वॅटचा हातातला संच आणि एका दिशेला रोखता येणारा साधा अँटेना असला की काम भागतं. तरीही नव्या हॅमची पहिली खेप बरेचदा वाया जाते. वरून येणारे आवाज स्वच्छ ऐकू येतात, पण आपली हाक काही परत येत नाही. मग अँटेना, केबल, बॅटरी सगळं तपासून होतं आणि तेवढ्यात स्थानक क्षितिजाखाली गेलेलं असतं. अशा वेळी बहुधा एकच गोष्ट राहून गेलेली असते. बोलण्याबरोबर ६७ हर्ट्झचा एक मंद सूर पाठवावा लागतो, तो संचात लावलेलाच नसतो.

हा सूर काय करतो हे कळण्यासाठी एफएम रिसीव्हरचा स्वभाव आधी समजून घेऊ. समोरून कुणी बोलत नसेल तेव्हा असा संच गप्प बसत नाही, उलट कान किटतील इतका खरखरतो. सिग्नल नसला की त्यातले वर्धक मिळेल तो गोंगाटच पूर्ण ताकदीनं वाढवत राहतात. ही खरखर अडवणाऱ्या मंडलाला स्क्वेल्च म्हणतात. हे मंडल माणसाचा आवाज शोधत बसत नाही, ते खरखर मोजतं. रेडिओवरचं बोलणं साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये बसतं. त्याच्या वरच्या पट्ट्यात खरखर भरलेली असेल तर स्पीकर बंद ठेवायचा, आणि एखादी वाहक लहर येऊन खरखर ओसरली की तो उघडायचा, एवढंच त्याचं काम.

यात उणीव अशी की कुणीतरी आलंय एवढं स्क्वेल्चला कळतं, कोण आलंय हे कळत नाही. दूरच्या गावातला दुसरा गट असो की एखाद्या उपकरणातून निसटलेली भरकटलेली लहर असो, स्पीकर उघडतोच. डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरला तर हे मुळीच परवडत नाही. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्या ताकदीनं पुन्हा प्रक्षेपित करणं हे त्याचं काम. प्रत्येक फालतू लहरीला तो जागा होऊ लागला तर ट्रान्समीटर तापतो, सौर पॅनेलवर भरलेली बॅटरी रिकामी होते आणि खऱ्या कामाच्या वेळी तो मान टाकतो.

म्हणून टोनची योजना आली. घरच्या माणसांनी दारावर ठरावीक तऱ्हेनं टकटक करावी आणि ती ऐकूनच आतून कडी काढली जावी, तसं हे आहे. बोलणारा बटण दाबून धरतो तेवढा वेळ त्याचा संच आवाजाच्या तळाशी एक अखंड सूर मिसळत राहतो. ऐकणाऱ्याच्या संचाला नेमका तोच सूर सापडला तरच स्पीकर उघडतो. तंत्रज्ञ याला सीटीसीएसएस म्हणतात, हॅम मंडळी नुसतंच टोन म्हणतात. ६७.० पासून २५४.१ हर्ट्झपर्यंतचे ठरीव सूर त्यासाठी वापरले जातात. माणसाच्या कानाला हे सूर खरं तर ऐकू येऊ शकतात, पण संचातली चाळणी ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच गाळून टाकते.

सुरांची निवड विचारपूर्वक झालेली आहे. ते एकमेकांच्या पटीत येत नाहीत, म्हणजे एकाच्या पडसादानं दुसऱ्याचं दार उघडत नाही. आपल्याकडे यातला एक सूर मात्र जपून वापरावा, तो म्हणजे १०० हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ती एकदिश करताना १०० हर्ट्झची गुणगुण उरते, आणि रस्त्यावरच्या डीपीतून येणारा घूंऽऽ असा आवाजही मुख्यतः त्याच कंपनाचा असतो. वीजपुरवठा नीट गाळलेला नसेल तर ही गुणगुण आवाजात मिसळते आणि संच तिलाच टोन समजू शकतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथे हीच काळजी १२० हर्ट्झच्या आसपासच्या ११८.८ आणि १२३.० या सुरांबाबत घ्यावी लागते.

जुन्या संचांत हा सूर ओळखायचं काम धातूची एक बारीक पट्टी करत असे. प्रत्येक पट्टीची स्वतःची कंपनसंख्या ठरलेली. तो सूर आला की पट्टी थरथरू लागे आणि तिच्या थरथरण्यानं स्पीकर उघडे. टोन बदलायचा म्हणजे पट्टीच बदलायची! आणखी एक अडचण होती. समोरच्यानं बोलणं थांबवलं तरी पट्टी क्षणभर थरथरतच राही आणि शेवटी खरखरीचा एक फटकारा कानावर येई. यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. बोलणं संपता संपता सूर बंद करण्याआधी त्याची कला (फेज) उलटवायची. ज्या लयीत पट्टी हलते आहे तिच्या विरुद्ध धक्के बसले की ती चटकन थांबते. आज पट्टीची जागा चिपमधल्या गणितानं घेतली आहे, पण उलट्या कलेचा हा रिवाज अनेक संचांत टिकून आहे.

सूर ओळखायला वेळ लागतो, आणि तो वेळ गणितानं कितीही चतुराई केली तरी शून्यावर येत नाही. ६७ हर्ट्झचं एक आवर्तन पुरं व्हायलाच सुमारे १५ मिलिसेकंद लागतात. ७१.९ आणि ७४.४ या शेजारच्या सुरांमध्ये अंतर अवघं अडीच हर्ट्झचं आहे. त्यांतला फरक खात्रीनं सांगायचा तर काही आवर्तनं ऐकावीच लागतात, त्यात पाव सेकंद सहज जातो. म्हणून बटण दाबल्या दाबल्या बोलू नये. ‘नमस्कार’मधला ‘नम’ वाऱ्यावर जातो आणि उरतो तो ‘स्कार’.

डीसीएस ही याच कल्पनेची अंकीय बहीण. तिथे सुराऐवजी २३ बिटांचा एक शब्द सेकंदाला १३४.४ बिट या संथ गतीनं पुनःपुन्हा पाठवला जातो. त्याची बांधणी मार्सेल गोले यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या संकेतावर झाली आहे. २३ पैकी ३ बिट बिघडले तरी मूळ शब्द सापडतो. याच संकेताचं २४ बिटांचं रूप वापरून व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनी यांची रंगीत चित्रं पृथ्वीवर पाठवली. डीसीएसचे कोड तीन आकड्यांचे असतात आणि त्यांत ८ किंवा ९ कधीच दिसत नाही, कारण ते अष्टमान पद्धतीत लिहिले जातात. अशा ५१२ कोडांपैकी शंभराच्या आसपासच वापरता येतात. शब्द कुठे सुरू होतो याची खूण नसल्यानं बाकीचे कोड फिरवून वाचले की दुसऱ्याच कोडासारखे दिसतात.

अवकाशात मात्र साधा सूरच उत्तम टिकतो. स्थानकाच्या वेगामुळे १४५.९९० मेगाहर्ट्झची लहर तीनेक किलोहर्ट्झनं सरकते, पण त्याच प्रमाणात ६७ हर्ट्झचा सूर सरकतो तो हर्ट्झच्या दोन हजारांशापेक्षाही कमी. डिसेंबर २००२ मध्ये सोडलेल्या एसओ-५० या सौदी उपग्रहात तर दोन टोनची व्यवस्था केली आहे. ७४.४ हर्ट्झचा सूर दोन सेकंद पाठवला की त्याचा रिपीटर दहा मिनिटांसाठी जागा होतो, मग बोलताना ६७.० चा सूर लावायचा. बॅटरी जपण्याचा हा मार्ग.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे त्या मुद्द्याकडे येतो. टोनमुळे आपलं बोलणं खासगी होतं, ही समजूत फार पसरलेली आहे. अमेरिकी बाजारातल्या वॉकीटॉकींच्या खोक्यांवर २२ चॅनेल आणि १२१ ‘प्रायव्हसी कोड’ छापलेले असतात, आणि त्यांचा गुणाकार करून २,६६२ चॅनेल असल्याचा दावाही केला जातो. प्रत्यक्षात चॅनेल २२च राहतात. टोन न लावलेला कुठलाही संच तुमचं अक्षर न् अक्षर ऐकू शकतो. हौशी रेडिओत अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक बोलायला मुळात मनाईच आहे. टोन त्या मनाईत बसत नाही, कारण तो काहीच लपवत नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक. एफएममध्ये दोन सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की जो थोडासा जास्त बलवान तो दुसऱ्याला पुरता गिळून टाकतो. समजा तुमच्या संचाला ८८.५ चा टोन लावलाय, आणि जवळच कुणीतरी १२३.० वर बोलतोय. तुमचा संच शांत असतो. वाट मोकळी आहे असं समजून तुम्ही बटण दाबता आणि त्याचं बोलणं मोडता. किंवा तुमच्याच गटातला दूरचा माणूस मदतीसाठी हाक मारत असतो, ती त्या जवळच्या सिग्नलखाली दबते आणि तुम्हाला खरखरसुद्धा ऐकू येत नाही. टोन गर्दी कमी करत नाही, ती फक्त तुमच्या कानाआड करतो. आपत्तीच्या वेळी एकाच रिपीटरवर दहा जण आलेले असताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की रिपीटरवर पाठवताना टोन जरूर लावावा, पण ऐकण्याचा टोन गरज असेल तेव्हाच लावावा. बाओफेंग यूव्ही-५आरसारख्या संचात हे दोन्ही वेगळे लावता येतात: पाठवण्याचा टी-सीटीसीएस आणि ऐकण्याचा आर-सीटीसीएस. नव्या माणसानं दुसरा बंदच ठेवलेला बरा. अर्थात संच हातात घेण्याआधी केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचा हौशी परवाना काढा. ऑनलाइन संच मिळतो म्हणून तो वापरायची मुभा मिळत नाही. आणि परवाना मिळाल्यावर, ऐकण्याचा टोन लावलेला असेल तर, दर वेळी बोलण्याआधी टोनची अट बाजूला सारून सगळं ऐकवणारं मॉनिटरचं बटण दोन सेकंद दाबून धरा, वाट खरंच मोकळी आहे का ते कानांनी ऐका, आणि मगच हाक द्या.