फसवावं, पण नियमानं

'कमळ (3)' असं शोधसूत्र दिसलं की मराठी वाचक पंकज, नीरज आणि सरोज यांच्यात घुटमळतो. आडव्या-उभ्या शब्दांच्या जुळणीतून एक ठरतो आणि पेन्सिल पुढे सरकते. इंग्रजी शब्दकोड्याचा जन्मही असाच निरागस होता. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यानं 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये हिऱ्याच्या आकाराची चौकट छापली. अर्थ दिलेला, शब्द ओळखायचा. कोट्यांना तिथं थारा नव्हता.

खोडी शिरली ती इंग्लंडात. एडवर्ड पॉविस मॅदर्स 1926 पासून 'ऑब्झर्व्हर'साठी कोडी रचू लागला आणि त्यानं टोपणनाव घेतलं 'टॉर्केमाडा'. हा स्पेनच्या धर्मन्यायालयाचा कुख्यात प्रमुख! वाचकांचा छळ करायचा तर नावापासूनच. त्याचा कल्पनाविलास अफाट होता, पण उत्तर कळल्यावरही ते तेच का, हे समजायला कधीकधी त्याच्याच डोक्यात शिरावं लागे. 1930 मध्ये 'द टाइम्स'नंही कोडं सुरू केलं. ते रचायला बसवला एड्रियन बेल, शेतीवर लिहिणारा लेखक.

युद्धकाळातली एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नॉर्मंडीच्या चढाईआधी 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड' असे लष्कराचे गुप्त शब्द आले आणि कोडेकार मुख्याध्यापकाची चौकशी झाली. गोष्ट रंजक आहे, पण तिच्यात खळबळ उडवली ती उत्तरांनी. मला रस आहे तो प्रश्नांत.

मॅदर्स 1939 मध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या मॅकनट या शिक्षकानं 'झिमेनीझ' हे दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचं नाव घेतलं खरं, पण काम केलं कायदा घालून देण्याचं. शोधसूत्रात एक सरळ अर्थ हवा, एक शब्दखेळ हवा आणि तिसरं काही नको. दोन वाटा, घर एकच. मराठीत करून पाहू: 'दीन उलटताच वाहते (2)'. 'दीन' उलटा वाचा, 'नदी' झाली. आणि वाहते तीच. गरिबाच्या डोळ्यांतलं पाणी मनात आलं असेल तर तुम्ही फसलात, पण तक्रारीला जागा नाही. 1972 मध्ये गादीवर आलेल्या जोनाथन क्राउदरनं तर नावातच दुहेरी खेळ केला: 'अझेद'. डेझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाच्या नावाची अक्षरं उलटी केली की हे नाव येतं, आणि त्यात 'ए टू झेड'ही आहे.

आता 'एच आय जे के एल एम एन ओ (5)' हे जुनं, गाजलेलं शोधसूत्र पाहा. एचपासून ओपर्यंत, म्हणजे 'एच टू ओ'. उत्तर, वॉटर! हे कायद्याला पुरतं धरून नाही, सरळ अर्थ वेगळा दिलेलाच नाही. तरी हसू येतं, आणि मी तरी ते माफ करतो.

आपल्याकडे कूटश्लोक, उखाणे आणि कोट्या यांची रेलचेल असून वर्तमानपत्री कोडं 'कमळ (3)'वरच का थांबलं? एक अडचण खरी आहे. आपल्या चौकटीतल्या एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. दोन-तीन घरांच्या शब्दाची अक्षरं पिसून लपवणार तरी किती? पण उलटापालट, श्लेष आणि शब्दाच्या पोटातला शब्द यांना कोणी अडवलेलं नाही. 'सोलापूरच्या शेवटी पाणीच पाणी (2)' रविवारच्या पुरवणीत सहज खपेल. वाचकाला झेपणार नाही ही भीती संपादकाची असावी, वाचकाची नाही.

'गार्डियन'मध्ये 1958 पासून कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे धर्मगुरू, टोपणनाव 'अराउकारिया'. या झाडाला इंग्रजीत माकडालाही कोडं घालणारं झाड म्हणतात, आणि चिली पाइनही. 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये ते 'सिनेफाइल' व्हायचे. 'चिली पाइन'ची इंग्रजी अक्षरं पिसली की हेच नाव निघतं. जानेवारी 2013 मधल्या एका कोड्याच्या माथ्यावर त्यांनी लिहिलं की अराउकारियाला 18 उभा झाला आहे, 19चा, आणि त्यावर 13 15 सुरू आहे. वाचकांनी घरं भरली: कर्करोग, अन्ननलिका, वेदनाशामक शुश्रूषा. नोव्हेंबरात ते गेले. विनच्या चौकटीला शंभर वर्षं व्हायला महिनाही उरला नव्हता.