एका रुपयात किती पाणी?

एक रुपयाचं नाणं हातात घ्या. दुकानात त्याचं काय मिळेल? फार तर एखादी गोळी! आता समजा, तुम्ही मुंबईतल्या एका इमारतीत राहता आणि हाच रुपया तुम्ही महानगरपालिकेला पाणीपट्टी म्हणून दिलात. तर २०२२ च्या दरानं तुमच्या घरी चक्क १५७ लिटर शुद्ध केलेलं पाणी येईल.

खोटं वाटतं? चला, हिशेब करू. २०२२ साली मुंबईत इमारतींमधल्या घरांसाठी पाण्याचा दर ठरला १००० लिटरला ६ रुपये ३६ पैसे. आता १००० ला ६.३६ ने भागा. आलं ना उत्तर? हेच १००० लिटर पाणी २० रुपयांच्या एक लिटरच्या बाटल्यांतून आणलं, तर २०,००० रुपये लागतील! आणि १००० लिटर म्हणजे केवढं, ठाऊक आहे? एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच टाकी काठोकाठ भरली, की तेवढं होतं. त्याचं वजन भरतं १००० किलो!

मग हे पाणी इतकं स्वस्त कसं? आणि ६ रुपये ३६ पैसे हा आकडा ठरवतं तरी कोण?

आधी पाण्याच्या मागोमाग जाऊ या. पूर्वी मुंबईकर विहिरींचं आणि तलावांचं पाणी प्यायचे. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळातून शहरात आलं. मग तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. असे आज एकूण सात जलाशय मुंबईची तहान भागवतात. त्यांतले विहार आणि तुळशी मुंबईतच आहेत, बाकीचे पाच शहराबाहेर, बरेच दूर. तिथून प्रचंड जलवाहिन्यांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहरात येतं. काही ठिकाणी ते उतारावरून आपोआप वाहत येतं. भातसाचं पाणी मात्र पंपांनी उचलावं लागतं, आणि पंप म्हटले की विजेचं बिल आलंच. पुढे भांडुपसारख्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यातला गाळ खाली बसवतात, वाळूतून पाणी गाळून घेतात, क्लोरीन घालून जंतू मारतात. वीज, रसायनं, पाइपांची दुरुस्ती, रात्रपाळी करणाऱ्या कामगारांचे पगार, धरणांच्या पाण्यासाठी राज्य सरकारला द्यायचे पैसे, हा सगळा खर्च लाखो घरांत वाटला जातो. म्हणून तुमच्या वाट्याला तो इतका थोडा येतो.

आता दुसरा प्रश्न. दर ठरतो महानगरपालिकेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर १८९३ मध्ये बांधलेली दगडी इमारत आहे ना, तेच तिचं मुख्यालय. साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिका आयुक्त पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडतात. पाणीपट्टीसकट सगळे पैसे कुठून येणार आणि कशावर खर्च होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. तो आधी स्थायी समितीपुढे, म्हणजे नगरसेवकांच्या एका छोट्या गटापुढे जातो. तिथले नगरसेवक प्रश्न विचारतात, बदल सुचवतात. मग अर्थसंकल्प सभागृहात येतो. मुंबईत २२७ प्रभाग आहेत, आणि प्रत्येक प्रभागातून लोकांनी निवडून दिलेला एक नगरसेवक सभागृहात बसतो. कुणी म्हणतं, आमच्याकडे पाणी कमी दाबानं येतं. कुणी म्हणतं, आमच्या शाळेचं छप्पर गळतंय. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, त्याआधी हे सगळं मंजूर व्हावं लागतं. २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प होता ७४,४२७ कोटी रुपयांचा. गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहूनही मोठा!

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. पाणी तेच, पण दर सगळ्यांना सारखा नाही. २०२२ च्या दरांनुसार झोपडपट्टीतल्या घरांना १००० लिटरला ५ रुपये २८ पैसे, इमारतींतल्या घरांना ६ रुपये ३६ पैसे, कारखान्यांना ६३ रुपये ६५ पैसे आणि पंचतारांकित हॉटेलांना ९५ रुपये ४९ पैसे. हॉटेलचा दर घराच्या दराच्या तब्बल पंधरापट! कारण उघड आहे. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी, अंघोळीसाठी लागणारं पाणी गरिबातल्या गरिबालाही परवडलंच पाहिजे. ज्यांचा पाण्यावर धंदा चालतो, त्यांनी खर्चाचा जास्त वाटा उचलावा. घरांनाही एक मर्यादा आहे. इमारतीत माणशी रोज १५० लिटरपेक्षा जास्त पाणी वापरलं, तर वरच्या पाण्याला दुप्पट, मग तिप्पट, मग चौपट दर लागतो. उधळपट्टी महाग पडते!

आता थोडं गणित. मुंबईत २०१२ पासून असा नियम आहे, की खर्च वाढला तर पाणीपट्टी वर्षाला जास्तीत जास्त ८ टक्के वाढवता येते. ८ टक्के म्हणजे किरकोळच ना? कॅल्क्युलेटर घ्या. १०० ला १.०८ ने गुणा, आलेल्या उत्तराला पुन्हा १.०८ ने गुणा. असं नऊ वेळा करा. उत्तर येईल जवळजवळ २००! म्हणजे दर वर्षी पूर्ण ८ टक्के वाढ झाली, तर नऊ वर्षांत दर दुप्पट. युक्ती लक्षात ठेवा: ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागलं, की दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं.

म्हणूनच या छोट्या आकड्यावर मोठे वाद होतात. २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ झाली. २०२३ मध्ये पुन्हा वाढीचा प्रस्ताव आला, पण विरोध झाला आणि तो थांबला. दर वाढवला तर गरिबाच्या खिशाला चटका बसतो. वाढवलाच नाही तर जुने पाइप बदलायला पैसे कमी पडतात, आणि फुटक्या पाइपांतून पाणी वाया जातं. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर चर्चा हवी.

आणखी एक गोष्ट विसरू नका. मुंबईचं पुष्कळसं पाणी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या काही गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा आपलं पाणी स्वस्त असलं, तरी ते फुकट घालवण्यासाठी नाही.

आता तुमचं काम. घरात एखादा नळ ठिबकत असेल, तर त्याखाली भांडं ठेवा. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसात चार लिटरांहून जास्त पाणी साठेल! नळ दुरुस्त करून घ्या. मग घरातल्या मोठ्यांकडून पाणीपट्टीचं बिल मागून घ्या आणि तुमच्या गावात किंवा शहरात १००० लिटरला किती पैसे पडतात ते शोधा. पुष्कळ महापालिका आपला अर्थसंकल्प संकेतस्थळावर ठेवतात, त्यात पाण्याचं पान उघडा. काही कळलं नाही, तर वर्गात शिक्षकांना विचारा, आपल्या नगरसेवकांना पत्र लिहा. शहराच्या पैशांबद्दल प्रश्न विचारायला वयाची अट नाही!