एक पार्टनर पाहिजे

नवी पेठेत गांजवे चौकाकडे जाताना विजेच्या खांबावर एक कागद चिकटवलेला होता. 'एक पार्टनर पाहिजे. अभ्यास करणारा. निर्व्यसनी. व्हेज.' कागदाच्या खालच्या कडेला कात्रीने झालर कापलेली आणि प्रत्येक पट्टीवर तोच मोबाइल नंबर उभा लिहिलेला. आठांपैकी सहा पट्ट्या गेल्या होत्या. भाच्याने सातवी फाडली, मग आठवीही फाडून खिशात घातली. मी म्हटलं, "दोन कशाला?" म्हणाला, "मामा, दुसऱ्या कुणाला मिळायला नको." पहाटे मोटारसायकलवरून अक्कलकोट सोडलं, सोलापुरात हुतात्मा एक्सप्रेस धरली, आणि दुपारच्या आत पोरगं पुण्यातलं झालं.

आमच्या तालुक्यातून पदवीनंतर स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जाणं ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी याच पेठांतल्या तीन खोल्यांत चार वर्षं काढली. पास झालो नाही, पण खोली शोधण्यात तरबेज झालो. म्हणून बहिणीने मला बरोबर धाडलं.

माझा पहिला समज असा होता की खोली शोधायची असते. तसं नसतं. शोधायची असते ती खोलीतली रिकामी कॉट, आणि ती कॉट मालकाच्या हातात नसते, आधीच्या तिघांच्या हातात असते. समजा फ्लॅटचं भाडं १६,००० आहे. चौघांत प्रत्येकी ४,०००. एक जण तलाठी होऊन गेला किंवा कंटाळून गावी परतला, की उरलेल्या तिघांवर ५,३३३ येतात. बापाने तुरीच्या पट्टीतून पाठवलेल्या पैशांत १,३३३ ही लहान रक्कम नाही. त्यामुळे पाच तारखेच्या आत चौथा हवाच असतो. पण घाईत घेतलेला चौथा वर्षभर डोक्यावर बसतो, हेही त्यांना ठाऊक असतं. निवडणारेही अडलेले आणि येणाराही अडलेला, अशी ही मुलाखत असते.

पहिल्या दिवशी आम्ही पाच ठिकाणी गेलो. कुठेच कुणी 'तुझा स्वभाव कसा आहे' असं विचारलं नाही. विचारलं ते असं : कुठला? कशाची तयारी? कितवा अटेम्प्ट? अभ्यासिका लावलीस का? रूमवर वाचतोस की अभ्यासिकेत?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. अभ्यासिकेत बसणाऱ्याला खोली फक्त झोपायला आणि कपडे वाळत घालायला लागते. खोलीवर वाचणाऱ्याला मात्र रात्री दोनपर्यंत दिवा हवा, कुणाचा फोन नको, आणि पंखा तीनवर. हे दोन प्रकार एका खोलीत आले की महिन्याभरात लाइटबिलावरून भांडण ठरलेलं. पोलीस भरतीची पोरं तिसऱ्या प्रकारातली. साडेचारला उठून मैदानावर जाणारी. त्यांना कुणी घेत नाही, पण माझ्या अनुभवात तीच सगळ्यांत सोयीची. बाकीचे उठेपर्यंत त्यांची अंघोळ, कपडे, सगळं उरकलेलं असतं. एका बाथरूमवर चौघं असताना हे लाखमोलाचं आहे.

एका खोलीत तिघंही राज्यसेवेचे होते आणि त्यांना चौथा राज्यसेवेचा नको होता. मला आधी कळेना. त्यातला मेहकरचा मुलगा म्हणाला, "सर, चौघांची एकच परीक्षा असली तर निकालाच्या दिवशी खोलीत कुणाशी बोलायचं?" गेल्या वर्षी त्यांच्यातला एक लागला होता. तो पेढे घेऊन आला तेव्हा बाकीचे झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. हे त्याने हसत सांगितलं, पण त्यांनी तिथे भाच्याला घेतलं नाही. तोही राज्यसेवेचाच.

या खोल्यांत नावं चालत नाहीत, तालुके चालतात. मेहकर, परांडा, जत, पाथर्डी. "जतला सांग सिलेंडर लावायला." भाचा पहिल्याच दिवशी 'अक्कलकोट' झाला. या नावाचा एक फायदा होतो. स्वामी समर्थांचं गाव म्हटलं की घरमालकीण काकूंचा चेहरा मऊ होतो आणि प्रसादाची मागणी येते. आमच्याकडे पौर्णिमेला, प्रकट दिनाला परगावची माणसं अनोळखी माणसाशेजारी पथारी टाकून झोपतात, कुणी कुणाला अटेम्प्ट विचारत नाही. पण तो एका रात्रीचा शेजार. इथे अकरा महिने काढायचे असतात.

आता त्या कागदावरच्या 'व्हेज' या शब्दाविषयी. चौथ्या ठिकाणी भाच्याने नाव सांगितलं, तर समोरच्याने "पूर्ण नाव?" असं विचारलं. आडनाव कळल्यावरही त्याचं समाधान झालं नाही. आमच्या सीमेकडची आडनावं पुण्यात पटकन उलगडत नाहीत. मग "घरी नॉनव्हेज चालतं का?" असा आडून प्रश्न आला. खाण्याच्या नावाखाली जात विचारायची ही पद्धत माझ्या वेळीही होती. पोरं म्हणतात मालकाची अट आहे, मालक म्हणतात पोरांचीच अट आहे. माझ्या वेळचा आमच्याच तालुक्यातला एक मुसलमान मित्र पेठेत दोन महिने हिंडला. पूर्ण नाव सांगितलं की कॉट भरलेली असायची. शेवटी कोंढव्यात राहून तो रोज सायकलवरून नवी पेठेतल्या अभ्यासिकेत यायचा. आमच्यापैकी कुणी त्याला आपल्या खोलीत घेतलं का? नाही. मीही नाही. आमची कॉट तेव्हा खरंच भरलेली होती, पण नंतर रिकामी झाली तेव्हा मी त्याला फोन केला नाही.

पूर्वीच्या लोकांनी पार्टनर शोधण्याचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या, घाटावरच्या गावांच्या गावकीच्या खोल्या असत. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन पडायचा. गोव्याच्या गावांनी मुंबईत कूड चालवले. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत त्यातले काही आहेत. बोटीवर जाणारा तारवटी आपल्या गावच्या कुडात उतरायचा, ट्रंक तिथेच ठेवायचा, आणि संध्याकाळच्या रोझरीला हजर राहायचा. तिथे पार्टनर शोधावा लागत नसे, तो जन्माने ठरलेला असे. सोय झाली, पण गावची भांडणं आणि गावची उतरंडही ट्रंकेबरोबर आलीच. पेठेतल्या खांबावरचा कागद निदान अनोळखी माणसाला बोलावतो. मला आजही तोच बरा वाटतो, त्यातला तो एक शब्द सोडून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमलं. लोकमान्य नगरजवळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. परांडा, जत आणि पाथर्डी. एक कम्बाइनचा, एक सरळसेवेचा, एक पोलीस भरतीचा. परांड्याने शेवटचा प्रश्न विचारला : "गजर किती वेळा लावतोस?" भाचा म्हणाला, एकदाच. "मग ठीक. आधीचा पाच वेळा लावायचा आणि उठायचा नाही."

तिथेच मी मधे पडलो, कारण आता पैशांची वेळ होती. आधीचा मुलगा आपलं डिपॉझिट मालकाकडून घेत नाही, नव्याकडून घेतो. मालकाच्या वहीत चार वर्षांपूर्वीच्या कुणा भलत्याचंच नाव असतं. करारातही तेच. मी घरमालकीण काकूंना खाली जाऊन भेटलो आणि भाच्याचं नाव करारात घाला म्हणालो. त्या म्हणाल्या, "कशाला खर्च? मुलं बदलतच असतात." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी कलमासकट सांगितलं नाही. खोली गेली असती. 'पुढच्या अकरा महिन्यांच्या कराराला नाव घालते' इतकं मात्र कबूल करून घेतलं आणि डिपॉझिट त्यांच्यासमोर दिलं, वहीत सही घेऊन.

पहिल्या आठवड्यात भाच्याचा एकच खटका उडाला, तोही भाषेवरून. आमच्या घरी बोलणं निम्मं कन्नडात. रात्री आईचा फोन आला की "ऊट आयतेन?" पासून सुरू. पाथर्डीला वाटलं, आपल्याविषयीच काहीतरी चाललंय. जतने मिटवलं. जतकडेही कन्नड चालतंच, त्याने प्रत्येक वाक्याचं भाषांतर करून दाखवलं : जेवलास का, कणकण आहे का, चटणी संपली का. चटणी संपलीच होती. बहिणीने दिलेला शेंगाचटणीचा मोठा डबा आणि कडक भाकरींची चळत चार दिवसांत साफ. मेसच्या खाड्याच्या दिवशी तिघांनी मिळून ती संपवली आणि भाच्याला विचारलंही नाही. मी बहिणीला म्हटलं, बसला पोरगा खोलीत.

या सगळ्या हिशेबात न धरलेली एक गोष्ट म्हणजे लोकसेवा आयोग. परीक्षा पुढे गेली की कॉटचं भाडं चालूच राहतं. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पेठेलगतच्या शास्त्री रस्त्यावर पोरं उतरली होती. परीक्षा आठवड्याने झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दुसऱ्या परीक्षेशी तारीख भिडली म्हणून पोरांनीच पुढे ढकलायची मागणी केली. दोन्ही वेळी पोरांचं म्हणणं रास्त होतं. पण लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे ४,००० कुणाच्या तरी शेतातून येतात.

परवा भाच्याचा फोन आला. पोलीस भरतीवाला पाथर्डी लागला, प्रशिक्षणाला निघाला. पेढे चौघांनी खाल्ले, कुणी झोपलं नाही. खांबावर लावायचा कागद लिहिताना 'व्हेज' लिहायचं की नाही यावर तिघांत तासभर वाद झाला. शेवटी शब्द गाळला.

तर पुढच्या महिन्यापासून त्यांची चौथी कॉट रिकामी होते आहे. भाडं ४,०००, लाइटबिल वेगळं, डिपॉझिट काकूंच्या समोर. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा. गाव, आडनाव काहीही चालेल. गजर एकदाच लावणारा असावा.