ऑफ सीझन नव्हे, वर्षावास!

गेल्या श्रावणात आमच्या वसाहतीतील सात कुटुंबे मिळून आम्ही तीन दिवस देवळाली कॅम्पला गेलो. कारण साधे होते. उन्हाळ्यात आणि दिवाळीत तिथले भाडे आपल्या माणसाच्या आवाक्याबाहेर असते, पावसाळ्यात ते उतरते. धंदेवाले त्याला 'ऑफ सीझन' म्हणतात.

देवळाली हे इंग्रजांचे लष्करी ठाणे. १८६१ पासून येथे गोऱ्या सैनिकांचा तळ होता. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे थांबत. बोटी सुटत हिवाळ्यात. अवेळी आलेला सैनिक महिनोन् महिने पडून राही आणि त्याचे डोके फिरे. इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द या देवळालीवरूनच आला. पुढे हवापालटासाठी मुंबईच्या पैसेवाल्या समाजांनी येथे आपापली सॅनिटोरियम बांधली.

अशाच एका ठिकाणी आम्ही खोल्या मागितल्या. व्यवस्थापकाने आधी आडनावे विचारली, मग खोल्या भरल्या असल्याचे सांगितले. आवारात तर कुत्रेही नव्हते! आमच्यातले काहीजण म्हणाले, "सुट्टीवर आलोय, जाऊ द्या." दुसरीकडे सोय झाली. पण आम्ही विचारतो, ही सुट्टी तरी आम्हाला कोणी दिली? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४५ साली कारखान्यातील कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. मग सुट्टीवर आलेल्या माणसाने मान खाली का घालावी?

दुसऱ्या दिवशी भर पावसात त्रिरश्मी लेणी गाठली. २४ लेणी, सगळी बौद्ध. आणि लोकांच्या तोंडी नाव काय, तर 'पांडवलेणी'! पांडवांचा येथे काय संबंध? दगडच साक्ष देतो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले. वर्षाचे व्याज २४०. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब चोख! आणि दान केवळ राजघराण्याचेच नव्हते. चैत्यगृहाच्या दारावर धंबिक गावच्या लोकांचे दान कोरले आहे.

म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा जो काळ हॉटेलवाल्यांना मंदीचा वाटतो, त्याच काळात ही लेणी भिक्खूंनी गजबजत होती. आमच्या मुलांनी वहीत व्याजाचे गणित मांडले. उत्तर २४० आले तेव्हा त्यांना जो आनंद झाला, तो कुठल्या वॉटर पार्कमध्ये मिळाला असता?

संध्याकाळी नाशिक शहरात काळाराम मंदिरापुढे उभे राहिलो. २ मार्च १९३० रोजी येथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या मायबापांनी लाठ्या आणि दगड खाल्ले, तुरुंग भोगला. पण दार उघडले नाही. आज ते उघडे आहे. आम्ही आत गेलो नाही, कारण बाबासाहेबांची लढाई दर्शनासाठी नव्हती, माणूस म्हणून हक्कासाठी होती. मुलांना तेवढेच सांगितले. एका चिमुरडीने विचारले, "मग कालच्या खोलीवाल्याचे दार कधी उघडणार?" आम्ही मोठी माणसे निरुत्तर झालो.

तिसऱ्या दिवशी गाडी येवल्याला नेली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथेच बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. पुढे १९५६ ला नागपूर. लेणी, काळाराम, येवला ही तीन पाने एकाच जिल्ह्यात आहेत; तरी आपली माणसे नाशिकला येतात, द्राक्षे घेतात आणि परत जातात.

बांधवांनो, सहलीला जरूर जा, मौज करा. पण वर्षावासात जा, मुलांच्या हाती वही द्या आणि 'पांडवलेणी' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे 'त्रिरश्मी बुद्धलेणी' असे सांगा. आणि कोणी आडनाव विचारले, तर ते मान ताठ ठेवून, मोठ्याने सांगा!