सावरीच्या गादीवर निजवलेला खांब

काटेसावरीचा कापूस आपल्याकडे उशा-गाद्यांत भरतात. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने त्याच कापसावर तेरा मीटर लांबीचा अशोकस्तंभ निजवला.

हा स्तंभ तेव्हा आजच्या हरियाणातल्या टोपरा गावी उभा होता. लोक त्याला भीमाची काठी म्हणत. (आपल्याकडचं प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं, तसंच हे.) सुलतानाला तो दिल्लीत हवा होता.

स्तंभ अखंड वालुकाश्माचा. व्यास तळाशी सुमारे ९७ सेंटिमीटर, शेंड्याला ६४. घनफळ काढलं तर पावणेसात घनमीटर भरतं. म्हणजे वजन पंधरा-सोळा टन. एवढा माल आज दहाचाकी ट्रक सहज नेतो. खरी पंचाईत होती लांबीची. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. उभा असेपर्यंत त्याला मुख्यतः स्वतःच्या वजनाचा दाब असतो. आडवा करून दोनच टोकांवर टेकवला, की मधला भाग खाली झुकू पाहतो, खालच्या अंगाला ताण बसतो आणि लाकडासारखं न वाकता तो कडकन मोडतो.

सुलतानाच्या कारागिरांनी हे ओळखलं होतं. त्या वेळी बारा वर्षांचा असलेल्या शम्स-ए-सिराज अफीफने पुढे इतिहास लिहिताना त्यांची युक्ती सांगितली आहे. स्तंभाभोवती कापसाचे ढीग रचले आणि बुडाची माती उकरली. खांब अलगद कलंडून कापसावर टेकला. मग कापूस थोडाथोडा काढत त्याला काही दिवसांत जमिनीवर उतरवलं. अंगभर बोरू आणि कच्चं कातडं गुंडाळलं. गाडा ४२ चाकांचा, म्हणजे आधार सगळ्या लांबीला मिळाला. प्रत्येक चाकाच्या दोराला २०० माणसं, असं अफीफ म्हणतो, एकूण ८,४००! या आकड्यात दरबारी फुगवटा असावा. पुढे मोठ्या होड्यांवरून यमुनेतून तो स्तंभ दिल्लीला आला आणि सुलतानाच्या कोटला किल्ल्यातल्या इमारतीवर रहाटांनी अर्धा-अर्धा गज उचलत, खाली लाकडं नि कापसाच्या थैल्या सारत उभा केला गेला.

अशोकाच्या माणसांनी असे खांब कसे वाहून नेले, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

टोपऱ्याच्या खांबाच्या अंगावरची अक्षरंही फिरोजशाहच्या काळी कुणाला लागत नव्हती. फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा खांब हलणार नाही, असं त्यात लिहिल्याचं काही जणांनी सांगितलं म्हणे! काय हजरजबाबीपणा! १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा निघाले वाटेवरचे वड, आमराया, विहिरी आणि धम्माच्या गोष्टी.

मेरठचा दुसरा स्तंभही फिरोजशाहनेच दिल्लीत आणला. तोही वाटेत मोडला नाही. अठराव्या शतकात जवळच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले; ते सांधून १८६७ मध्ये तो दिल्लीच्या रिज टेकडीवर पुन्हा उभा केला.