नाव देवाचे, नाव ग्रंथाचे

गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीसाठी पुण्याहून कणकवलीला आला. शाळेने त्याला घराण्याची वंशावळ लिहून आणायला सांगितली होती. ओटीवर वही उघडून त्याने विचारले, "आजोबा, तुमच्या बाबांचं नाव काय?" मी सांगितले. पंढरीच्या देवाचेच नाव ते. तो खुदकन हसला. "हे तर देवाचं नाव! माणसाचं कसं असेल?"

मी गप्पच झालो. कारण आठ वर्षांपूर्वी त्याच्या बारशाला नेमका उलटा प्रश्न विचारून मी रुसून बसलो होतो. मुलाने आणि सुनेने 'अथर्व' हे नाव ठरवले तेव्हा मी म्हणालो होतो, "हे तर वेदाचं नाव. माणसाला कसं शोभेल?" माझ्या वडिलांचे नाव पुढे चालावे, एवढीच माझी इच्छा होती.

सारा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेलेला मी माणूस. आमच्या सिंधुदुर्गातल्या वह्यांत सगळा देव्हारा उतरलेला असे. राम, विठ्ठल, पांडुरंग, महादेव. बायकांत जानकी, रुक्मिणी, भागीरथी. किनाऱ्याकडे एखादा युसूफ भेटे, एखादा जुझे. दोन्ही नावे मुळात एकाच योसेफाची; एक आले अरबीतून, दुसरे पोर्तुगिजांबरोबर. थोरामोठ्यांचेही तसेच. इथल्या गोपुरीचे अप्पासाहेब पटवर्धन म्हणजे सीताराम, वेंगुर्ल्याचे नाथ पै म्हणजे पंढरीनाथ आणि मामा वरेरकर म्हणजे भार्गवराम.

यामागचे कारण भागवतातल्या अजामिळाच्या कथेत आहे. आयुष्यभर पापे केलेल्या अजामिळाने मरताना धाकट्या मुलाला 'नारायणा' अशी हाक मारली आणि तेवढ्या हाकेवर विष्णूचे दूत धावून आले. मुलाला देवाचे नाव ठेवायचे, म्हणजे त्याला जेवायला बोलावतानाही नामस्मरण घडते. नाव होते ते हाक मारण्यासाठी.

दुसरे कारण घरगुती. आपल्याकडे माणसाच्या पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. आजोबांना त्यात जागाच नाही. म्हणून नातवाला आजोबांचे नाव ठेवत आणि रहाटाच्या पोहऱ्यांसारखी दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या वरखाली होत. बँकेला मात्र त्याचा ताप. चार भावांच्या चार मुलांना एकाच आजोबांचे नाव. कर्जाच्या कागदांत कोणता चुलतभाऊ कोणता, ते सातबारा लावूनही उलगडत नसे.

आज तो रहाट थांबला आहे. पण नावे धर्मग्रंथांपासून दूर गेली म्हणावे, तर तसेही नाही. वेदांत, अथर्व, श्लोक, ऋचा, श्रुती, ओवी, गाथा ही ग्रंथांचीच तर नावे! पूर्वी ग्रंथातला देव घरात येई, आता ग्रंथच येतो. नाव हाकेसाठी नव्हे, तर अर्थासाठी निवडले जाते. कधी या निवडीला मोठे मोलही असते. १९५६ साली नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर घरोघरी सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता आले. तीही बौद्ध ग्रंथांतलीच नावे. पण त्या घरांत ती नव्या आयुष्याची खूण होती.

साता समुद्रापलीकडेही हेच. अमेरिकेत दशकानुदशके मुलींच्या नावांत पहिली असलेली 'मेरी' १९६१ नंतर मागे पडली. पण मुलांत १९९९ ते २०१२ 'जेकब' पहिला होता आणि पुढची चार वर्षे 'नोहा'. चर्चला जाणारे कमी होत असताना बायबलच्या जुन्या करारातली नावे वर आली! आईबापांना बहुधा प्रार्थनेपेक्षा नावाचा जुना नाद आवडला असावा.

हे सगळे मी नातवाला सांगितले. 'अथर्व' नावामुळे मीही त्या वेदाचे भाषांतर चाळले होते. त्यात ताप उतरावा, आयुष्य वाढावे म्हणून केलेली मागणी आहे. आमच्या रवळनाथापुढे घालतात त्या गाऱ्हाण्याची आठवण झाली आणि ते नाव मला परके राहिले नाही.

वंशावळ वर सरकली. माझ्या वडिलांच्या वडिलांचे नाव सांगितले, त्यांच्या वडिलांचे विचारताच म्हणालो, "पुन्हा तेच, पंढरीच्या देवाचं." तो ओरडला, "म्हणजे देव परत आला!" रुसलेला म्हातारा सुखावला.

मग त्याने विचारले, "आणि त्यांच्या आईचं नाव?"

मला ठाऊक नव्हते. माझ्या आजीचेही सासरचे तेवढे ठाऊक. माहेरचे लग्नातच पुसले गेले. वडिलांचे नाव मागे पडले म्हणून मी रुसलो होतो, पण या बायकांची नावे कोणत्याच रहाटाला लागली नव्हती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईच्या नावाला जागा दिली आहे. ते चांगलेच झाले. आमच्या वहीत मात्र त्या दोन जागा कोऱ्याच राहिल्या. तुमच्या घरी सांगणारे कोणी असेल, तर आज रविवार आहे, विचारून घ्या.